वर्षभराच्या वाचनाचा हिशेब आपण कसा मांडता?

पानखूण:
गेल्या जानेवारीत, आठवड्याला एक याप्रमाणे, वर्षात ५२ पुस्तके वाचायची असे मी ठरवले होते. डिसेंबरअखेर वहीत ४१ नावे भरली. परवा ती यादी चाळताना मात्र त्यांतल्या किमान दहा पुस्तकांत काय होते, हे मला सांगता येईना. एका कादंबरीपुढे मीच ‘उत्तम’ असा शेरा मारलेला आहे आणि तिच्या नायकाचे नावही आठवत नाही.

याउलट गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ने दिवाळीच्या सुमाराचे पाच आठवडे घेतले. दानदक्षिणेच्या आशेने कोकणातल्या वरसईहून उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक १८५७च्या धामधुमीत सापडतो, झाशीच्या वेढ्यात अडकतो, लुटला जातो आणि तरीही आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी परततो. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली पुस्तक छापताना मूळ मजकुरावर बराच हात फिरवला होता आणि हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ साली आली, हे कळल्यावर मी दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचू लागलो आणि संकल्प तिथेच बारगळला. यादीत त्याची नोंद मात्र ‘एक’ अशीच आहे.

आपण पुस्तके मोजता का? मोजत नसल्यास वर्षाचा आढावा कशावरून घेता? आणि सध्या हातात काय आहे?

उंबरठा:
मोजण्याला सरसकट नावे ठेवू नयेत. आपण सर्व प्रकारचे वाचतो, असा माझा समज होता. वाचलेल्या २३ पुस्तकांत एकाही लेखिकेचे पुस्तक नाही, हे यादी केली म्हणूनच लक्षात आले. आकडा फुगवण्यासाठी बारीक पुस्तके निवडण्याचा मोह मलाही झाला, हे कबूल करतो. ‘रणांगण’ (१९३९) मी निव्वळ पाने कमी म्हणून उचलले. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तिच्यावरचे जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू प्रवासी, त्यांतल्या हॅर्टाचे प्रेमात झोकून देणे आणि नायक चक्रधरचे बिचकणे, हे सारे संपताच मला पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात करावी लागली. दुसऱ्या वाचनाची वेगळी नोंद करावी की नाही, यावरून घरात वादही झाला.

तिसरी घंटा:
माझी यंदाची चारच पुस्तके झाली. मोतीबिंदूमुळे आईला छापील अक्षर दिसत नाही, म्हणून रात्री जेवणे आटोपल्यावर मी तिला लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवते. पानात खुणेला तिच्याच गोळ्यांची रिकामी पट्टी असते. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे आले की आई मला थांबवते आणि स्वतःच्या आजीच्या सोवळ्याची हकिकत सांगू लागते. त्या रात्री अर्धेच पान होते. हे वाचन कोणत्या रकान्यात घालावे, ते मला उमगलेले नाही. आम्ही आता शेवटच्या भागाशी आलो आहोत. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा लेखन अपुरे होते आणि ते त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी पुरे केले, हे मी आईला अजून सांगितलेले नाही.

धुळाक्षर:
आठवत नाही म्हणजे वाचन वाया गेले, हे मला पटत नाही. ‘बनगरवाडी’ मी शाळेत असताना वाचली होती आणि दुष्काळाने ओस पडलेली वाडी तेवढी मनात राहिली होती. यंदा पुन्हा वाचताना ध्यानात आले की, पोरगेल्या मास्तराला गावाने हळूहळू आपलेसे करण्याचा सगळा भाग मी साफ विसरलो होतो. पण तो विसरलो होतो म्हणूनच या वेळी नव्याने भेटला. सध्या कारभाऱ्याच्या तोंडची वाक्ये उतरवून घेत आहे.

पानखूण:
सर्वांचे आभार. ‘रणांगण’ माझ्याही यादीत निघाले: मे महिना, दीड दिवस, शेरा ‘बरे’. आज ते कपाटातून पुन्हा काढले आहे.