‘रिव्हर्स चार्ज’ला मराठीत काय लिहावं?

अनुवादक, जळगाव
जिनिंगवाल्यांसाठी, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई करणाऱ्यांसाठी, जीएसटीचं माहितीपत्रक मराठीत करते आहे. शेतकऱ्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने कच्चा कापूस घेतला, की १५ नोव्हेंबर २०१७ पासून ५% कर विकणारा नाही, घेणारा भरतो. या ‘रिव्हर्स चार्ज’ला मी ‘प्रतिवर्ती आकारणी’ लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी ‘उलट कर’ केलं. मला दोन्ही खटकतात.

मुनीम, धरणगाव
ताई, जिनिंगमध्ये सगळे ‘आरसीएम’ (रिव्हर्स चार्ज मेकॅनिझम) म्हणतात. तेच ठेवा. नवा शब्द केलात तर पत्रक हातात घेऊन आम्हालाच विचारायला येतील.

मराठीचे शिक्षक, धुळे
तीन इंग्रजी अक्षरं देवनागरीत लिहिली म्हणजे मराठी झाली का? शेतकऱ्याला त्यातून काय कळणार? ‘प्रतिवर्ती’ अवघड असेल, पण त्याला निदान अर्थ आहे.

करसल्लागार, शहादा
सर, अर्थ आहे, पण चुकीचा पोचतो. ‘प्रतिवर्ती’ काय किंवा ‘उलट’ काय, वाचणाऱ्याला पैसे परत यायचे आहेत असं वाटतं. परतावा ही वेगळी गोष्ट आहे. इथे नेमकं होतं ते असं. १०० क्विंटल कापूस ७,००० रुपयांनी घेतला, बिल ७ लाखांचं. त्यावर कर ३५,०००, म्हणजे केंद्राचे १७,५०० आणि राज्याचे १७,५००. शेतकऱ्याला ७ लाख पूर्ण द्यायचे. कर जिनिंगवाल्याने वेगळा भरायचा आणि तोही रोख खात्यातून, जमा असलेल्या क्रेडिटमधून (आधीच्या खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीतून) नाही. जीएसटीच्या ३-बी विवरणपत्रात तो ३.१(डी) मध्ये दाखवायचा. त्याच महिन्यात त्याचं क्रेडिट ४(ए)(३) मध्ये मिळतं, ते रुईवरच्या करात वळतं करता येतं. तरी भर हंगामात भांडवल अडकतं, कारण रोख आधी जाते.

शेतकऱ्याकडे बिल नसतं, म्हणून स्वतःचं बिल घेणाऱ्यानेच बनवायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून माल मिळाल्यापासून ३० दिवसांत. हे राहून गेलं की क्रेडिट अडतं.

मुनीम, धरणगाव
आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीतून ५% कापणं. हमाली-तोलाईच्या ओळीखाली ‘जीएसटी’ची ओळ दिसली की ती शेतकऱ्याने सरळ नाकारायची. तो विचारतो तेच खरं: कर कोन भरस?

अनुवादक, जळगाव
मग ‘खरेदीदाराने भरायचा कर’ असं सरळ लिहू?

करसल्लागार, शहादा
कापसापुरतं चालेल. पण रुईच्या गाठी नेणाऱ्या ट्रान्सपोर्टच्या भाड्यावर आणि वकिलाच्या फीवरही हीच पद्धत लागते. तिथे खरेदी नाही, सेवा आहे. ‘घेणाऱ्याने भरायचा कर’ दोन्हींना बसतो. ‘शेतकरी’ शब्दालाही जपा. स्वतःच्या, कुटुंबाच्या किंवा मजुरांच्या श्रमाने जमीन कसणारी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब, एवढेच कायद्यातले शेतकरी. नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून कापूस घेतला तर कर नेहमीसारखा विकणाराच लावतो.

शिक्षक, धुळे
‘घेणाऱ्याने भरायचा कर’ ही व्याख्या झाली, संज्ञा नव्हे. पत्रकात वीस वेळा येणार ती! ‘ग्राही-कर’ करा.

मुनीम, धरणगाव
ग्राही-कर कोणी वाचणार नाही, सर. बाजार समितीत आजही बाजार फीला ‘सेस’च म्हणतात ना?

शिक्षक, धुळे
आणि तिथेच घोळ होतो! ‘सेस’ म्हणजे उपकर. मूळ इंग्रजी ‘असेस’चं ते तुटकं रूप. बाजार समिती घेते ती फी, आवारातल्या सोयींच्या बदल्यात घेतलेली. दोन्हींना एकच शब्द लावला, तर आयात शुल्काची बातमी शेतकऱ्याने कशी समजून घ्यायची?

करसल्लागार, शहादा
इथे मी सरांच्या बाजूने. कापसावरचं ११% आयात शुल्क म्हणजे मूळ शुल्क ५%, कृषी पायाभूत सुविधा उपकर ५% आणि या दोन्हींच्या बेरजेवर १०% समाजकल्याण अधिभार, म्हणजे १%. उपकरावर अधिभार! आपले मराठी पेपर तिन्हींना सरसकट ‘कर’ लिहितात. फरक महत्त्वाचा आहे, कारण उपकर आणि अधिभार राज्यांना वाटून द्यायच्या रकमेत धरले जात नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये हे सगळं शुल्क ३१ डिसेंबरपर्यंत उठवलं, तेव्हा इथल्या भावावर दबाव आला. तो का आला, हे सांगायला हे शब्द नीट लागतात.

वाचक, चोपडा
शब्दांचा विषय आहे म्हणून विचारतो. रुईचा भाव ‘कँडी’त सांगतात ती आपली खंडीच ना? जुनी खंडी वीस मणांची होती. मग कापसाची ३५६ किलोची कुठून आली?

मुनीम, धरणगाव
शब्द आपलाच, माप मात्र इंग्रजांच्या काळातलं, ७८४ पौंडांचं. गाठ १७० किलोची, म्हणजे खंडीत दोन गाठींहून थोडं जास्त.

शिक्षक, धुळे
मग पत्रकात ‘खंडी’ लिहा, ‘कँडी’ नको.

मुनीम, धरणगाव
खंडी लिहिलं तर आमच्याकडचा म्हातारा माणूस वीस मणच धरेल, सर.