सोसायटी (फक्त महत्त्वाच्या सूचना)

बी-१०३ देशपांडे: साठ्यांचा मुलगा पायलट झाल्याची अभिनंदनं संपली असतील तर एक विचारतो. उड्डाणाच्या २०० तासांवर लायसन्स, आणि लगेच एअरबसच्या उजव्या सीटवर, को-पायलट म्हणून? अमेरिकेत १५०० लागतात.

बी-५०२ साठे: लगेच नाही हो. टाइप रेटिंग (त्या जातीच्या विमानाचं वेगळं ट्रेनिंग), सिम्युलेटर, मग नेहमीच्या फ्लाइटवर ट्रेनिंग कॅप्टनशेजारी लाइन ट्रेनिंग. गोंदियाच्या फ्लाइंग स्कूलमध्ये उन्हात दोन उन्हाळे काढलेत पोराने. फ्लॅट गहाण आहे आमचा.

ए-४०१ जोशी काकू: अभिनंदन साठे भाऊजी 🌸🙏

सी-२०४ निखिल: काका, तो नियम २००९ च्या तिकडच्या बफेलो विमान अपघातानंतर आला. ५० माणसं गेली. पण त्या दोघाही पायलटांचे तास १५०० च्या वर होते! स्टॉल होताना, म्हणजे पंखांची उचल जाताना, नाक खाली करायचं सोडून कॅप्टनने दांडा मागे ओढला.

बी-१०३ देशपांडे: अमेरिकेत १५०० लागतात.

सी-२०४ निखिल: आणि मंगळूर, २०१०? कॅप्टनचे १०,००० च्या वर तास. वाटेत बराच वेळ झोपलेला. को-पायलट तीनदा 'गो अराउंड' म्हणाला, म्हणजे उतरू नका, परत वर घ्या. ऐकलं नाही. १५८ गेले.

बी-१०३ देशपांडे: म्हणजे ज्युनियरचं कोणी ऐकतच नाही. मग बसवता कशाला? उद्या कॅप्टनच्या छातीत दुखलं तर?

बी-५०२ साठे: तुमच्या नातवाने लर्निंग लायसन्सवर माझी गाडी घासली, तेव्हा तास मोजले होते का?

बी-१०३ देशपांडे: तो विषय कमिटीत मिटलाय.

बी-५०२ साठे: पेंटचे पैसे मिटले नाहीत.

सी-३०१ वैद्य: 🍿

ए-६०१ मोरे (वायुदल, निवृत्त): छातीत दुखण्याचा प्रश्न रास्त आहे. नव्या पोराबरोबर नवाच कॅप्टन लावू नये, भांडायचं तर तिथे भांडा. बाकी नुसत्या आकड्याचं काय? तिकडे तास भरायला पोरं जाहिरातीचे बॅनर ओढत फिरतात. स्वच्छ आकाशात हजार तास घिरट्या घातल्या म्हणून पावसाळी रात्री आडव्या वाऱ्यात विमान उतरवता येत नाही. सिम्युलेटरमध्ये इंजिन बंद पडल्यावर हात कसे चालतात ते बघतो आम्ही.

ए-४०१ जोशी काकू: साठे भाऊजी, २२ ला दिल्लीला निघालेय. आपला बाळ असेल का त्या विमानात? चकल्या देईन म्हणते.

बी-५०२ साठे: 😊 विचारतो वहिनी.

बी-१०३ देशपांडे: अमेरिकेत १५०० लागतात.

सेक्रेटरी: अमेरिकेत टाकीही वेळेवर धुतात. उद्या १० ते १ पाणी बंद. बादल्या भरून ठेवा.