मदत हवी आहे: लांबचे टप्पे बिझनेस आणि बाकीचे इकॉनॉमी, असं मल्टी-सिटी तिकीट ऑनलाइन कसं शोधायचं? (बेळगावहून)

खानापूर_रोड

नमस्कार मंडळी,

आईबाबांना मे महिन्यात युरोपला पाठवायचंय. बहीण फ्रँकफर्टजवळ असते. दोन-तीन आठवडे तिच्याकडे, मग चार दिवस लंडनला मावसभावाकडे आणि तिथूनच परत. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. आठ-नऊ तास पाय दुमडून बसणं तिला शक्य नाही. म्हणून मुंबई-फ्रँकफर्ट आणि लंडन-मुंबई बिझनेसमध्ये, तर सांब्रा (म्हणजे बेळगावचा विमानतळ)-मुंबई आणि फ्रँकफर्ट-लंडन साध्या क्लासमध्ये, असा माझा हिशोब.

अडचण अशी की गूगल फ्लाइट्सवर मल्टी-सिटी टाकलं की क्लास एकदाच निवडता येतो आणि तोच सगळ्या टप्प्यांना लागू होतो. बेळगावपासून बिझनेस टाकलं तर एक तर काहीच येत नाही, नाही तर दिल्ली-बंगळूर असं कुठून कुठून फिरवून आणतंय. टप्पे सुटे शोधून बेरीज केली तर आकडा असा येतो की बाबा म्हणाले, "त्यापेक्षा त्यांनाच इकडं बोलव की."

आणि बाबांचं दुसरं टुमणं: "मला कशाला बिझनेस? तिला पुढं बसव, मी मागं बसतो." एकाच बुकिंगमध्ये असं होतं का? इथल्या एका एजंटला विचारलं तर तो म्हणतो मिक्स होतच नाही, सगळं बिझनेस घ्या. मला ते पटलं नाही.

टिळकवाडीकर

आधी सांब्रा त्या शोधातून काढून टाका. इंडिगोचं ते छोटं एटीआर विमान बघितलंय ना? 78 जागा, सगळ्या इकॉनॉमी. त्यात बिझनेस नसतंच, मग साइट बिचारी बिझनेस असलेलं विमान शोधत गावभर फिरते. मुंबईपासून शोधा, बंगळूरपासूनही शोधा, दोन्हीची तुलना करा. लुफ्तान्साचं थेट विमान दोन्हीकडून फ्रँकफर्टला आहे, ब्रिटिश एअरवेजचं दोन्हीकडून लंडनला. मुंबई म्हटलं की आपला जीव तिकडं ओढतो हे कबूल, पण तिकिटाला सीमाप्रश्न कळत नाही.

आणि मुंबई टाकताना कोड बघा. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. जुन्याचा कोड बीओएम, नव्याचा एनएमआय. बेळगावहून एका विमानतळावर उतरायचं आणि फ्रँकफर्टचं विमान दुसऱ्यावरून, असं झालं तर आईंना घेऊन टॅक्सीतून पळापळ. बीओएममध्येसुद्धा टी-वन आणि टी-टू ही टर्मिनलं वेगळी, दोन्हींच्या मध्ये रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर मुंबईचं ट्रॅफिक.

वडगावची_लेक

मी जर्मनीत असते, म्हणून दोन गोष्टी सांगते.

फ्रँकफर्ट-लंडन साधं घेताय ते उत्तम. युरोपातल्या छोट्या अंतराच्या विमानांत बिझनेस म्हणजे तीच खुर्ची, तेवढीच जागा, फक्त मधली सीट रिकामी सोडतात आणि खायला बरं देतात. दीड तासासाठी त्याचे पैसे कोण देणार? तुमच्या एजंटच्या 'सगळं बिझनेस'मध्ये हे पण आलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. क्रम उलटा करा. आधी लंडन, मग फ्रँकफर्ट आणि परतीचं विमान फ्रँकफर्टहून. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशावर एअर पॅसेंजर ड्यूटी लागते. ती अंतरावर ठरते आणि क्लासवरही. भारताएवढ्या अंतराला प्रीमियम इकॉनॉमी किंवा बिझनेस असेल तर साध्या इकॉनॉमीच्या दुपटीहून जास्त. जर्मनीतही विमानप्रवासावर कर आहे, पण तो नुसत्या अंतरावर, क्लास कुठलाही असो. लंडनहून फ्रँकफर्टला इकॉनॉमीत आलात आणि इथे दोन-तीन आठवडे राहिलात की ब्रिटनच्या लेखी प्रवास फ्रँकफर्टलाच संपला. ड्यूटी लागेल ती जवळच्या अंतराची, छोटी.

व्हिसा मात्र दोन लागणार, क्रम कुठलाही असो. ब्रिटनचा वेगळा, जर्मनीसाठीचा शेंगेन वेगळा.

खानापूर_रोड

ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. बहिणीला विचारतो, तिला आई आधी हवीय म्हणून ती रुसणार. पण मूळ प्रश्न तसाच आहे, शोधायचं कुठं?

निपाणी_तिकीटवाला

मी याच धंद्यात आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

मिक्स होत नाही हे खरं नाही. एजंटच्या सिस्टममध्ये, म्हणजे अमेडियस म्हणा, गॅलिलिओ म्हणा, प्रत्येक टप्प्याचा बुकिंग क्लास वेगळा टाकता येतो. सांब्रा-मुंबईला वाय (इकॉनॉमीचा कोड), लांबच्या टप्प्याला जे किंवा डी (बिझनेसचे), असं टाकून किंमत काढायची. चार बटणं जास्त दाबायला लागतात म्हणून कोण कोण टाळाटाळ करतं.

घरी बसून बघायचं तर कायक या साइटच्या मल्टी-सिटी फॉर्ममध्ये प्रत्येक टप्प्याला वेगळा क्लास निवडता येतो. आयटीए मॅट्रिक्स आहे, गूगलचंच. त्यात टप्प्यागणिक बुकिंग क्लासचा कोड घालता येतो, पण तिथं तिकीट विकत मिळत नाही, फक्त भाव कळतो. तो कागद घेऊन एजंटकडं जायचं.

आता सुटे टप्पे का महाग पडले ते. बऱ्याच कंपन्यांचं एकेरी भाडं परतीच्या भाड्याच्या निम्म्याहून बरंच जास्त असतं. जाताना एका शहरात उतरून येताना दुसऱ्यातून निघालात तरी चालतं, पण तिकीट एकच पाहिजे. मग जायचा निम्मा भाग एका क्लासचा आणि यायचा निम्मा दुसऱ्या क्लासचा, असं जोडता येतं. अंदाज काढायचा तर एकाच कंपनीच्या साइटवर त्याच तारखांना एकदा पूर्ण इकॉनॉमी बघा, एकदा पूर्ण बिझनेस. तुमचा आकडा साधारण त्यांच्या मधोमध यायला पाहिजे. फार वर गेला तर कुठं तरी एकेरी भाडं लागलंय असं समजा. तारीख बदलायची किंवा रद्द करायची वेळ आली तर मात्र जोडलेल्या भाड्यांपैकी ज्याचे नियम कडक, तेच सहसा पूर्ण तिकिटाला लागतात. हे आधीच विचारून घ्या.

परतीलाही बिझनेसच पाहिजे का, तेवढं बघा. मुंबईहून युरोपला बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, तिथं आडवं होणं गरजेचं. फ्रँकफर्टहून दुपारी निघणाऱ्या विमानात प्रीमियम इकॉनॉमीत भागेल का, हे आईंना विचारून ठरवा. करातही फरक आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून इकॉनॉमीवर जीएसटी 5 टक्के, त्यावरच्या सगळ्या क्लासना 18 टक्के. म्हणजे कराच्या बाबतीत प्रीमियम इकॉनॉमीसुद्धा बिझनेसच्याच रांगेत.

बाबांचं: एका पीएनआरवर एका विमानात दोघांना दोन क्लास होत नाहीत. दोन पीएनआर काढायचे आणि एकमेकांची नोंद दोन्हीकडं टाकायला सांगायचं. पण खरं सांगू का, विमान रद्द झालं तर दोघांना वेगवेगळ्या विमानांत टाकायची शक्यता वाढते. वयस्कर जोडप्याला मी तरी असं सुचवत नाही.

चोर्ला_घाट

एक सांगायचं राहिलंय. सांब्रा-मुंबई त्याच तिकिटात घेतलं आणि जूननंतर कधी गेलात तर पाऊस लक्षात ठेवा. विमान रद्द झालं की आपली माणसं काय करतात? स्लीपर बस पकडतात आणि सकाळी मुंबई. तसं परस्पर करायचं नाही. पहिला टप्पा न उडता सोडला की पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात, बिझनेस असो की काही असो. आधी कंपनीला फोन करायचा, तो टप्पा काढून तिकीट नव्यानं करून घ्यायचं, मगच बस पकडायची. काउंटरवर कोणी "जावा जावा, काय होत नाही" म्हटलं तरी ऐकायचं नाही.

याउलट सांब्रा-मुंबई वेगळं काढलं तर तुमचं विमान चुकलं म्हणून फ्रँकफर्टवाले थांबणार नाहीत. मी असतो तर वेगळं काढलं असतं आणि आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम केला असता.

टिळकवाडीकर

वेगळं काढलं तर सामानाचंही बघा. देशांतर्गत इकॉनॉमीत सहसा 15 किलो, बिझनेसच्या तिकिटावर त्याच्या दुप्पट किंवा जास्त. एकाच तिकिटावर असेल तर मोठी मर्यादा बऱ्याचदा सांब्र्यापासूनच धरतात. परतीला बॅगा मुंबईतच काढून कस्टममधून न्यायच्या असतात, पुढचं तिकीट एकच असलं तरी.

वडगावची_लेक

आणि कुंदा पाठवू नका! युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, ब्रिटनमध्येही आपल्याकडून चालत नाहीत. पकडला तर कचऱ्यात. मी डोळ्यांदेखत बघितलंय, लोकांची तोंडं बघवत नाहीत.

खानापूर_रोड

आईला कुंद्याचं अजून सांगितलेलं नाही, ते काम बहिणीकडं दिलंय.

बाकी ठरलं ते असं. आधी लंडन, मग फ्रँकफर्ट. दोघांना एकाच पीएनआरवर, जाताना बिझनेस, लंडन-फ्रँकफर्ट साधं, येताना प्रीमियम इकॉनॉमी. सांब्रा वेगळं आणि मुंबईत एक रात्र चुलत्यांकडं. कायकवर टप्प्यागणिक क्लास टाकून बघितलं, आकडा त्या 'मधोमध'च्या आसपास आलाय. निपाणीवाले अण्णा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, तुमच्याकडूनच काढू.

व्हीलचेअरला वेगळे पैसे लागतात का?

निपाणी_तिकीटवाला

नाही, कुठल्याही क्लासला नाही. पण तिकीट काढतानाच सांगायचं, निदान 48 तास आधी तरी. सांब्र्याच्या वेगळ्या तिकिटावरही वेगळं सांगायला लागतं, तिथं आपोआप जात नाही. पासपोर्टवर दोघांची नावं कशी आहेत त्याचा फोटो पाठवा, आडनाव-वडिलांचं नाव यांची अदलाबदल आपल्याकडच्या पासपोर्टात फार असते.

खानापूर_रोड

संध्याकाळी पाठवतो.