फायबर होडीत १२ व्होल्टचं वायरिंग: दीडची, अडीचची की चारची?

गळवाला_मालवण
मंडळी, सल्ला हवाय. माझी २० फुटी फायबर होडी आहे. आउटबोर्ड इंजिन, मागच्या फळीखाली १२ व्होल्टची बॅटरी, कन्सोल (स्टिअरिंग आणि स्विच बसवलेली पेटी) साधारण मधोमध. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात घालायच्या आधी सगळं वायरिंग नव्याने ओढतोय. बॅटरीपासून कन्सोलपर्यंत वायर कडेकडेने नेली तर साडेतीन मीटर, तिथून नाळेपर्यंत (होडीच्या पुढच्या टोकापर्यंत) चार मीटर.

जोडायचंय ते असं: तळातलं पाणी उपसायचा पंप (पाटीवर ४ अँपिअर), नाळेवरचा लाल-हिरवा एलईडी, मागे पांढरा एलईडी, फिशफाइंडर (मासे शोधायचं यंत्र), २५ वॉटचा व्हीएचएफ रेडिओ, मोबाइलसाठी यूएसबी सॉकेट आणि नाळेवर ५५ वॉटचा हॅलोजन सर्चलाइट. गावातला वायरमन म्हणतो, सगळीकडे दीडची (१.५ स्क्वेअर एमएम जाडीची) ओढू, घरात दीडच्या वायरीवर १० अँपिअर आरामात चालतात. पटत नाहीये, पण का पटत नाहीये ते सांगताही येत नाहीये.

वीजखलाशी
वायरमनदादांचा आकडा बरोबर आहे, फक्त तो घराचा आहे. दीडची वायर १० अँपिअरने तापणार नाही, मान्य. पण वायरीत ०.७ व्होल्ट गळाले तर २३० मध्ये कुणाला पत्ता लागत नाही. १२ मध्ये तेच ०.७ म्हणजे जवळपास ६ टक्के झाले. म्हणून होडीत वायर किती तापते यापेक्षा टोकाला किती व्होल्ट पोचतात हे आधी बघायचं.

हिशोब सोपा आहे. अँपिअर गुणिले जाऊन-येऊन एकूण मीटर गुणिले ०.०१७५, भागिले वायरीचे स्क्वेअर एमएम. उत्तर व्होल्टमध्ये येतं. जाऊन-येऊन हे विसरू नका. मायनसचीही लांबी धरायची आणि मायनसही तेवढ्याच जाडीची घालायची.

तुमचा सर्चलाइट: ५५ वॉट म्हणजे ४.६ अँपिअर, कन्सोलपासून ८ मीटर जाऊन-येऊन. दीडच्या वायरीत ०.४३ व्होल्ट जातात, अडीचच्या वायरीत ०.२६. इथे अडीचची पुरे.

लाटेवरचा_बाबा
अमेरिकेत एबीवायसी नावाची संस्था बोटींसाठी मानकं काढते. त्यांच्याप्रमाणे दिशादर्शक दिवे, इलेक्ट्रॉनिक्स आणि बॅटरीकडून पॅनलला येणारी मुख्य वायर यांना ३ टक्क्यांपर्यंत घट चालते, केबिनच्या दिव्यासारख्या बिनमहत्त्वाच्या गोष्टींना १० टक्क्यांपर्यंत. मी इकडे न्यू जर्सीत माझ्या छोट्या शिडाच्या बोटीवर हेच धरतो. पंपाला मात्र मी स्वतःहून ३ टक्केच लावतो, त्यात तडजोड नाही.

तुम्ही एलईडी घेताय ते उत्तम. जुन्या तारेच्या बल्बला व्होल्टेज १० टक्क्यांनी घसरलं की उजेड जवळपास ३० टक्क्यांनी पडतो. १२ मीटरखालच्या बोटीचा पांढरा दिवा २ सागरी मैलांवरून दिसायला हवा असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पातळ वायरीवर मिणमिणणारा बल्ब तिथेच मार खातो.

गळवाला_मालवण
मग एलईडीला अर्ध्याची वायर चालेल? ते तर पाव अँपिअरही खात नाहीत.

वीजखलाशी
घटीच्या हिशोबाने चालेल, हिसक्याच्या हिशोबाने नाही. लाटेवर आपटताना बारीक वायर लगजवळ (टोकाला बसवतात त्या धातूच्या टोपीजवळ) तुटते. एकपेक्षा खाली जाऊच नका. मी दीडचीच घालतो, पैशात फरक नगण्य.

आता पंप. इथे बरेच जण चुकतात. पंप मागे, बॅटरीही मागे, म्हणून वायर छोटी असं वाटतं. पण स्विच कन्सोलवर आहे ना? करंट बॅटरीतून कन्सोलला साडेतीन मीटर जाणार, स्विचमधून परत पंपाकडे चार मीटर येणार आणि मग मायनसने मीटरभर. झाले साडेआठ मीटर. ४ अँपिअरला दीडच्या वायरीत ०.४० व्होल्ट गेले, म्हणजे ३.३ टक्के. अडीचमध्ये ०.२४, म्हणजे २ टक्के. अडीचची घाला. फ्लोट स्विचची (पाणी चढलं की पंप आपोआप लावणाऱ्या स्विचची) वायर मात्र बॅटरीवरून फ्यूजमधून थेट घ्या, मेन स्विचच्या आधी. होडी नांगरून तुम्ही घरी झोपलात तरी पंप चालला पाहिजे.

बंदरावरचो_झिलगो
पंपाच्या वायरीत पैशे वाचवूक जाशात आणि मगे बालदीन पाणी उपसत बसशात.

वीजखलाशी
😄 अगदी. राहिली बॅटरीपासून कन्सोलची मुख्य वायर. व्हीएचएफ बोलताना ६, सर्चलाइट ४.६, यूएसबी ३, फिशफाइंडर १, दिवे अर्धा: सगळं एकदम चालू झालं तर १५ अँपिअर. जाऊन-येऊन ७ मीटर. चारच्या वायरीत ३.८ टक्के जातात, सहाच्या २.६, दहाच्या १.५. लक्षात घ्या, इथली घट पुढच्या प्रत्येक फाट्यात मिळवावी लागते. सहाची घातलीत तर व्हीएचएफपर्यंत पोचेतो ३ च्या वर जाल. दहाची घाला. उद्या कन्सोलवर आणखी काही चढवलंत तरी पुन्हा फळ्या उचकायला नकोत.

तारतम्य
माझं दुकानच आहे इलेक्ट्रिकचं, म्हणून मालाबद्दल बोलतो. घरची साधी तांब्याची वायर खाऱ्या हवेत आतून काळी पडते. सोलून बघा, वरून नवी दिसते आणि आत काजळी. होडीत कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार हवी. मरीन वायर म्हणून मागितलीत तर तालुक्याला मिळणार नाही. पण छतावरच्या सोलरमुळे सोलर डीसी केबल आता सगळीकडे आहे. ती तांब्याची, कथिल दिलेली, बारीक तारांची, उन्हाला टिकणारी असते. चार आणि सहा सहज मिळतात. अडीच आणि दहा मुंबईत लोहार चाळीत विचारा. अडीच नाहीच मिळाली तर सरळ चार घाला, जाड झाल्याने काही बिघडत नाही. फक्त इन्सुलेशन जाड असतं, लग आणि स्विचच्या छिद्रात बसते का बघून घ्या.

स्पीकरची स्वस्त वायर चुकूनही नको. ती बऱ्याचदा ॲल्युमिनियम असते, वर नुसता तांब्याचा रंग.

गळवाला_मालवण
आणि जोड? वायरमन पीळ मारून काळी टेप लावतो.

तारतम्य
टेपखाली पाणी शिरतं आणि तिथेच राहतं. लग क्रिंप करा, चांगल्या पक्कडीने, दातांनी किंवा साध्या पकडीने दाबून नव्हे. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी. गरम केल्यावर दोन्ही टोकांना गोंदाचा थेंब बाहेर आला की बंद झालं समजायचं. तळाच्या पाण्यात एकही जोड नको.

लाटेवरचा_बाबा
फ्यूजबद्दल कुणीच बोललं नाही! फ्यूज वायरीला वाचवायला असतो, म्हणून तो बॅटरीजवळच, शक्यतो वीतभर अंतरात. कन्सोलवर लावलात तर मधली साडेतीन मीटर वायर उघडीच राहिली. दहाच्या वायरीला ३० अँपिअरचा पुरे. पंपाला पंपाच्या कागदावर लिहिलाय तोच, अंदाजाने मोठा नको, कारण पात्यात दोरा अडकून मोटर जाम झाली की करंट वाढतो आणि मोठा फ्यूज मुकाट बघत राहतो.

कन्सोलवर होकायंत्र असेल तर त्याच्याजवळून जाणाऱ्या प्लस-मायनस वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या, नाहीतर दिवा लावला की सुई हलेल.

गळवाला_मालवण
होकायंत्र आहे, बरं झालं सांगितलंत. तर यादी अशी करतोय: मुख्य दहा, पंप आणि सर्चलाइट अडीच नाहीतर चार, बाकी दीड. वायरमनला हा धागाच दाखवतो. पंपाची जुनी वायर जागेवर ठेवली तर चालेल का? मीटरवर बॅटरीइतकेच व्होल्ट दाखवते.

वीजखलाशी
पंप बंद ठेवून मोजलंत ना? करंट वाहत नसेल तर सडलेली वायरही पूर्ण व्होल्ट दाखवते. पंप पाण्यात बुडवून चालू करा आणि मीटर पंपाच्या टोकांवर लावा, मग बॅटरीच्या टोकांवर. दोन्हीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर ती वायर काढा.