वाचन शिकवण्याच्या संशोधनसिद्ध पद्धती वर्गात रुजाव्यात यासाठी केंद्रप्रमुखाने नेमके काय करावे? सल्ला हवा आहे

येरळाकाठ:

नमस्कार. सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका केंद्राची, म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या गटाची, जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. केंद्रातील बहुतेक जिल्हा परिषद शाळा द्विशिक्षकी आहेत आणि पटही जेमतेम आहे. तिसरी-चौथीतील काही मुले पाठ्यपुस्तकातील पाठ घडाघडा म्हणून दाखवतात. पण त्याच पाठातील दोन वाक्यांमधले शब्द उलटसुलट करून फळ्यावर लिहिले, की ती थांबतात. म्हणजे हे वाचन नसून पाठांतर आहे, हे उघड आहे.

लहान मुलांच्या पायाभूत वाचन आणि गणितासाठीचे निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून प्रशिक्षणांना तोटा नाही. ध्वनींची जाण, अक्षर आणि ध्वनी यांचा संबंध, ओघवते वाचन, शब्दसंपत्ती आणि आकलन ही पाच नावे माझ्या केंद्रातील शिक्षक झोपेतून उठवले तरी सांगतील. वर्गात मात्र आधी सगळी वर्णमाला म्हणवून घेणे, मग बाराखडी, मग पाठाचे सामूहिक वाचन हाच क्रम चालू आहे. शिक्षक कामचुकार नाहीत, हे मला आवर्जून नमूद करावेसे वाटते. त्यांच्यावर माहिती भरण्याचे ओझे इतके आहे, की ‘नवीन पद्धत’ हे शब्द उच्चारले तरी समोरचा माणूस मनातून दार लावून घेतो. आणखी एक आदेश किंवा आणखी एक तक्ता त्यांच्या माथी न मारता सुरुवात कशी करावी, याविषयी ज्यांनी असे काम जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वारणाकाठ:

सर, मी सांगली जिल्ह्यात शिक्षक प्रशिक्षणाच्या कामात होतो, आता निवृत्त आहे. आपण वर्णन केले आहे तो प्रश्न केवळ आपल्या केंद्राचा नाही, आणि त्याचा थोडाफार पद्धतशीर अभ्यासही झालेला आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांत पहिली-दुसरीच्या मुलांना सेत्सवाना या त्यांच्या मातृभाषेतून वाचन शिकवण्याचा एक प्रयोग झाला. शाळांच्या दोन गटांना पाठांचे तेच आराखडे आणि तीच वाचनपुस्तके दिली गेली. फरक इतकाच होता, की एका गटातील शिक्षकांना एका ठिकाणी बोलावून प्रशिक्षण दिले, तर दुसऱ्या गटातील शिक्षकांच्या वर्गात मार्गदर्शक स्वतः नियमितपणे जात राहिले. दोन वर्षांनी पाहिले तेव्हा दुसऱ्या गटातील मुलांची वाचनातील प्रगती पहिल्या गटाच्या जवळपास दुप्पट होती. प्रशिक्षण निरुपयोगी असते असा याचा अर्थ नाही. पण सभागृहात कळलेली गोष्ट वर्गात उतरवताना शेजारी कोणीतरी असावे लागते.

आपल्या देशातील अनुभव याहून बोलका आहे. प्रथम या स्वयंसेवी संस्थेच्या स्तरनिहाय अध्यापनाचे, म्हणजे इयत्तेऐवजी मुलाला जितके येते त्यानुसार गट करून शिकवण्याचे, मूल्यमापन अनेक राज्यांत झाले. बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळी शिबिरांत सरकारी शिक्षकांनी शिकवले, तेव्हा मुलांचे वाचन सुधारले. त्याच राज्यात शाळेच्या नेहमीच्या दिवसात मात्र केवळ प्रशिक्षण आणि साहित्य देऊन फारसे काही हाती लागले नाही. म्हणजे शिक्षकांना शिकवता येत नव्हते असे नाही, तर शाळेच्या रोजच्या दिवसात त्या कामाला जागाच नव्हती. पुढे २०१२-१३ मध्ये हरियाणात दोन गोष्टी बदलल्या. वेळापत्रकात या कामासाठी स्वतंत्र तास ठेवला गेला, आणि शाळांना भेटी देणाऱ्या गट (तालुका) पातळीवरील समन्वयकांनी आधी स्वतः काही दिवस मुलांना त्या पद्धतीने शिकवले आणि त्यानंतरच शिक्षकांना मार्गदर्शन केले. तेथे भाषेच्या निकालांत स्पष्ट फरक दिसला.

म्हणून माझा पहिला आणि खरे तर एकमेव महत्त्वाचा सल्ला असा, की शिक्षकांना काही सांगण्यापूर्वी आपण केंद्रातील एक वर्ग निवडावा आणि तेथे तीन-चार आठवडे, आठवड्यातून जमतील तितके दिवस, स्वतः वाचनाचा तास घ्यावा. पहिली-दुसरीचा आणि शक्यतो अवघड वर्ग घ्यावा. जो केंद्रप्रमुख हातात खडू घेतो त्याच्याशी शिक्षक वेगळ्या भाषेत बोलतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

बोरनदी:

मी जत तालुक्यात शिकवते. वारणाकाठ सरांचे म्हणणे पटते, पण ‘कसे पोहोचवावे’ यात आपण ‘काय पोहोचवावे’ हे गृहीत धरून चाललो आहोत, म्हणून थोडे त्याविषयी लिहिते.

येरळाकाठ सरांनी सांगितलेले पाच घटक अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन मंडळाच्या २००० सालच्या अहवालातून आलेले आहेत आणि तो अहवाल इंग्रजी वाचनाविषयी आहे. घटक आपल्यालाही लागू पडतात, पण त्यांचा क्रम आणि वेग जसाच्या तसा उचलता येत नाही. इंग्रजीत सव्वीस अक्षरे आहेत आणि त्यांचे उच्चार बेभरवशाचे आहेत. आपल्याकडे उच्चार बरेचसे ठरलेले, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि जोडाक्षरे मिळून ओळखायच्या आकारांची संख्या काही शेकड्यांवर जाते. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की हा अक्षरसंच पक्का होण्यास चौथीपर्यंतचा काळ लागतो आणि सुटा ध्वनी ओळखण्याची क्षमताही सावकाश येते. माझ्या वर्गातील बरीच मुले घरी कन्नड बोलतात, त्यामुळे हा अभ्यास मला जवळचा वाटतो. ‘दिवाळीपर्यंत सगळी बाराखडी’ असा जो धोशा लावला जातो, त्याला यातून काही आधार मिळत नाही.

मराठीपुरते बोलायचे, तर पालघर जिल्ह्यातील वाडा येथे मराठीचा आणि कर्नाटकातील यादगीर येथे कन्नडचा असा एक तीन वर्षे चाललेला अभ्यास शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला होता. लेखन म्हणजे फळ्यावरचे उतरवून घेणे, वाचन म्हणजे मागून म्हणणे आणि अर्थाची चर्चा जवळजवळ नाहीच, हे तेथील वर्गांचे चित्र आपल्याला अनोळखी वाटणार नाही.

मग प्रत्यक्षात बदलायचे काय? माझ्या मते सगळे व्यंजन संपेपर्यंत स्वरचिन्हांना हात न लावण्याची सवय आधी सोडावी. क, म, ल, र ही चार अक्षरे आणि काना एवढ्यावर काका, मामा, काम, माल, लाल, कमाल, कर, मर असे कितीतरी शब्द होतात आणि ‘मामा काम कर’ हे वाक्य मूल पहिल्या काही आठवड्यांत स्वतः वाचू शकते. घ आणि ध, भ आणि म अशा सारख्या दिसणाऱ्या जोड्या एकाच गटात घेऊ नयेत. पहिल्या वेलांटीला जास्त वेळ द्यावा, कारण ती लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर, आणि मुले तेथे हमखास चुकतात. सूर्य, चक्र, राष्ट्र आणि वाऱ्यावर या शब्दांत र चार रूपांत येतो. तो एका दिवसात ‘उरकण्याचा’ विषय नव्हे. शिकलेल्या अक्षरांपासून बनलेले, पण पुस्तकात नसलेले शब्द रोज वाचायला आणि लिहायला द्यावेत. आपण फळ्यावर वाक्यातील शब्द फिरवून पाहिलेत तीच ही तपासणी आहे, फक्त ती रोजच्या शिकवण्याचा भाग व्हावी.

याच्या जोडीला रोज एक गोष्ट शिक्षकांनी वाचून दाखवावी आणि तिच्यावर मुलांशी बोलावे; कन्नडभाषक मुलांच्या बाबतीत हे बोलणे त्यांच्या भाषेतही होऊ द्यावे. अक्षरे येऊनही शब्दाचा अर्थच ठाऊक नसेल, तर मूल वाचून काय करणार?

कोयनाखोरे:

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, परंतु पाटण तालुक्यातील माझ्यासारख्या द्विशिक्षकी शाळेतील शिक्षकाला पहिला प्रश्न पडतो तो वेळेचा. माझ्यासमोर पहिली आणि दुसरी एकत्र बसतात, सहकारी तिसरी-चौथी सांभाळतात, आणि दोघांपैकी एक जण बैठकीला गेला की चारही इयत्ता एका खोलीत येतात. अशा ठिकाणी ‘एक स्वतंत्र तास’ ही श्रीमंती आहे.

आम्ही जो मार्ग काढला तो असा. परिपाठानंतरचा अर्धा तास चारही इयत्तांतील मुलांना अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद आणि गोष्ट या स्तरांनुसार दोन गटांत बसवले जाते. एक शिक्षक अक्षर-शब्दाच्या गटाला शिकवतो आणि दुसरा पुढच्या गटाकडून वाचन करून घेतो. बाकीच्या दिवसाला आम्ही हात लावत नाही. केंद्रप्रमुखांनी आम्हाला एकच मोठी मदत केली, ती म्हणजे त्या अर्ध्या तासात दूरध्वनी करायचा नाही आणि माहिती मागवायची नाही, हे त्यांनी स्वतःवर घालून घेतलेले बंधन. येरळाकाठ सर, हे आपल्या अधिकारात आहे, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

येरळाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. स्वतः वर्ग घेण्याची सूचना मी स्वीकारतो आणि अर्ध्या तासाचे बंधनही. दोन अडचणी उरतात. ज्येष्ठ शिक्षकांचे एक ठरलेले वाक्य असते, “आम्ही वर्णमालेनेच शिकलो आणि आमच्या हाताखालची मुलेही वाचायला लागलीच की.” त्यांना काय सांगावे? आणि शाळाभेटीनंतर शेरेबुकात काय लिहावे, की जे त्यांना तपासणी वाटणार नाही?

बाणगंगा:

पहिल्या अडचणीबद्दल मी फलटणहून लिहिते. त्या वाक्याशी वाद घालू नका, कारण ते अर्धे खरे आहे. बरीच मुले कोणत्याही पद्धतीने वाचायला लागतात. ज्यांच्या घरी पुस्तके आणि वाचणारी माणसे असतात ती तर लागतातच. प्रश्न उरलेल्या मुलांचा आहे. गुरुजींना एवढेच विचारा, की “तुमच्या वर्गातील कोणती तीन मुले अजून वाचत नाहीत?” नावे ते लगेच सांगतील, कारण चांगल्या शिक्षकाला ती सलतच असतात. नवीन पद्धत त्या तीन मुलांपुरती, महिनाभर करून पाहण्याची विनंती करावी. संपूर्ण वर्ग बदला म्हटले, तर त्यांच्या आयुष्यभराच्या कामावर शेरा मारल्यासारखे होते.

आपल्या जिल्ह्याला या विषयाची परंपरा आहे, ती वापरून घ्यावी असेही सुचवते. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणला १९७८ मध्ये प्रगत शिक्षण संस्था सुरू केली आणि मराठी वाचन-लेखन कसे शिकवावे यावर तेथे वर्षानुवर्षे काम झाले. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमध्ये (काही केंद्रांचा मिळून झालेला विभाग) विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील शिक्षकांनी केलेले काम पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक येत असत. त्या भेटींतून एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. परत गेलेल्या अनेकांनी तेथे पाहिल्याप्रमाणे आपापल्या शाळेतील फरशा शिकण्याच्या आकृत्यांनी रंगवल्या, कारण रंगवलेली फरशी छायाचित्रात येते. मुलाला विचार करायला वेळ देणारा शिक्षक छायाचित्रात येत नाही. तेव्हा शिक्षकांना कोठे भेटीला नेलेत, तर काय पाहायचे हे आधी ठरवून न्यावे. एका मुलाने न येणारा शब्द कसा सोडवला आणि त्या वेळी बाई काय म्हणाल्या, एवढेच टिपून आणायला सांगितले तरी पुरेसे आहे.

वारणाकाठ:

शेरेबुकाविषयी थोडक्यात लिहितो. ‘वाचनाकडे विशेष लक्ष द्यावे’ हा शेरा लिहू नये. त्यातून कोणाला काहीही करता येत नाही. एका भेटीत एकच बाब पाहावी आणि ती कोणती हे शिक्षकांनीच आदल्या भेटीत ठरवलेले असावे. जे दिसले ते मुलाच्या बाजूने लिहावे. उदाहरणार्थ, “दुसरीतील चार मुलांनी काना असलेले नवे शब्द वाचले, पहिल्या वेलांटीपाशी तिघे थांबले. पुढील भेटीपर्यंत ‘दिवा, किती, मिठी’ असे शब्द रोज घेण्याचे बाईंनी ठरवले आहे, शब्दपट्ट्या मी पाठवतो.” यात आपल्याकडेही एक काम आले आहे, हे लक्षात घ्यावे. पुढच्या भेटीत शब्दपट्ट्या पोहोचल्या की नाही, हे शिक्षक तुम्हाला विचारू शकतात, आणि त्यांनी ते विचारावे अशीच व्यवस्था असावी.

केंद्रातील शिक्षकांच्या मासिक बैठकीतील, म्हणजे शिक्षण परिषदेतील, निदान एक तास व्याख्यानातून सोडवून घ्या आणि तो अशाच दोन-तीन नोंदींच्या चर्चेला द्या. यजमान शाळेतील पाच-सहा मुले समोर बसवून एका शिक्षकाने पंधरा मिनिटे प्रत्यक्ष शिकवावे आणि मग बाकीच्यांनी बोलावे. पहिल्या परिषदेत शिकवणारे आपणच असाल, तर दुसऱ्या परिषदेसाठी नाव मिळायला अडचण येत नाही.