करार झाला होता, पण त्यात सक्ती नव्हती

काहीजण विचारतात की अमेरिकी सरकारशी झालेल्या १८३२ च्या करारात क्रीक लोकांनी (अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात) अलाबामातली जमीन लिहून दिलीच होती, मग त्यांना हाकलण्यात बळजबरी कसली? करार पुढेही वाचावा लागतो. मिसिसिपी नदीपलीकडे पश्चिमेला जायचं की इथेच राहायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, सक्ती नाही, असं त्याच्या १२ व्या कलमात स्पष्ट आहे. कुटुंबप्रमुखाला ३२० एकर, ९० मुखियांना प्रत्येकी ६४० एकर मिळायचे होते. सट्टेबाजांनी तोतये उभे करून ती जमीनही लाटली. लोक उपाशी मरू लागले, १८३६ मध्ये काहींनी उठाव केला आणि सरकारला निमित्तच मिळालं. मग उठावात नसलेल्यांनाही लष्कराने हाकललं. शेकडो पुरुषांना साखळदंडात माँटगोमेरीपर्यंत चालवत नेलं.

हाकललेल्या क्रीकांना पश्चिमेला नेणाऱ्या मॉनमथ बोटीबद्दल वाचलं की मला अजूनही गलबलून येतं. ३१ ऑक्टोबर १८३७ च्या रात्री मिसिसिपीत दुसऱ्या बोटीशी टक्कर होऊन ती फुटली. सहाशेवर क्रीक तिच्यात कोंबले होते, तीनशेच्या आसपास गेले. आणि त्यांत अमेरिकेच्याच सैन्यासाठी फ्लोरिडात सेमिनोल या दुसऱ्या मूळनिवासी जमातीशी लढून आलेल्यांची बायकामुलं होती.