संथ आहे, पण रेंगाळण्याला कारण आहे

फ्रान्समधल्या शोव्हे या आदिमानवाच्या भित्तिचित्रांच्या गुहेवरचा माहितीपट कंटाळवाणा वाटला, कॅमेरा एकाच भिंतीवर किती वेळ फिरवायचा, असं काहींचं मत दिसतंय. मला उलट तेच आवडलं. आठ पायांचा गवा आठवतोय? एका नजरेत ती चित्रकाराची चूक वाटते. पण मशालीच्या हलत्या उजेडात तोच गवा धावू लागत असेल! भिंतीचे फुगवटे, खळगे वापरून प्राण्यांना अंग दिलंय. सपाट फोटोत ते कळतच नाही. घोड्यांची डोकी आणि एकमेकांवर शिंगं रोखलेले गेंडे तर मी पुन्हा मागे जाऊन पाहिले.

'एवढी जपणूक कशाला, लोकांना आत सोडा की' या मुद्द्यावर मात्र फ्रान्समधलीच लास्को ही चित्रांची गुहा आठवावी. १९४० मध्ये सापडलेली ती गुहा प्रेक्षकांच्या श्वासामुळे, दिव्यांमुळे खराब होऊ लागली आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली. शोव्हे १९९४ च्या डिसेंबरात सापडली, तेव्हा हा धडा गाठीशी होता. दरड कोसळून तिचं तोंड सुमारे २१ हजार वर्षं बंद राहिलं, म्हणून तर सुमारे ३६ हजार वर्षांपूर्वीच्या कोळशाच्या रेघा इतक्या ताज्या दिसतात.

पार्श्वसंगीत जरा जास्तच झालंय, हे मान्य. तिथे नुसती शांतता हवी होती.

आणि ते लाल पंजे! वाकड्या करंगळीमुळे एकाच माणसाचे ठसे वेगवेगळ्या जागी ओळखू येतात. माझ्यासाठी ती व्यक्ती भिंतीवरच्या सिंहांपेक्षा जास्त लक्षात राहिली.